बदली होईपर्यंत

आमच्या रेल्वे कॉलनीत एक समज पक्का रुजलेला होता. झाशीत घराचा पाया खणायला घेतला की बदलीची ऑर्डर आलीच म्हणून समजायचं. त्याचे दाखले सगळ्यांना पाठ होते. कुणा ड्रायव्हरच्या भिंती खिडकीपर्यंत आल्या आणि त्याला इटारसीला जावं लागलं. कुणाचा तर चौकट बसवायच्या दिवशीच कागद आला. मला वाटायचं, ज्याला बदलीच हवी आहे त्याने मग खणावाच की पाया, म्हणजे ऑर्डर तरी येईल. मी आमच्या ह्यांना तसं म्हटलंही. त्यावर ह्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं की मुद्दाम खणलेल्या पायाला तो गुण नसतो. मी तेव्हा पोट धरून हसले होते. पुढे ह्याच असल्या उत्तरांवर माझं निम्मं आयुष्य गेलं.

हे मालगाडीवर गार्ड होते. गाव भुसावळपासून जवळच, केळीच्या मुलखातलं. माझं माहेर धुळ्याकडचं. लग्न होऊन मी झाशीच्या स्टेशनावर उतरले ती ऐन मे महिन्यात. क्वार्टरच्या दगडी भिंतीला हात लावला तर चटका बसला. संध्याकाळी मी माहेरून आणलेली मोठी पेटी उघडायला घेतली, तर हे म्हणाले, ती राहू दे बांधलेलीच, वर्षा-दोन वर्षांत आपण भुसावळला जाणार आहोत. मी नवी नवरी, मला ते ऐकून बरंच वाटलं. मी दोर पुन्हा आवळला.

मुलगा झाला, मग मुलगी झाली, दोघं शाळेत जायला लागली, आपसात हिंदीत भांडायला लागली, तरी आम्ही जाणारच होतो. आमच्याकडे लाकडी पलंग नव्हता, कारण वॅगनमध्ये चढवताना मोडतो. भिंतीतलं कपाट पुरे, लोखंडी कशाला. अंगणात लिंबाचं रोप लावावं म्हटलं तर लिंबं येईपर्यंत आपण इथे थोडेच असणार? म्हणून मी मेथी-कोथिंबीर लावायची. महिन्याभरात उगवून ताटात येईल तेवढ्याचीच आम्हांला परवानगी होती. कॉलनीतल्या इतर मराठी घरांतही थोड्याफार फरकाने हेच. हळदीकुंकवाला आम्ही बायका जमलो की कुणाचा अर्ज कुठे अडकलाय ह्याच्याच गप्पा. त्यात गंमत होती, नाही असं नाही. पण घरी परत येताना मला आपण सगळ्या मिळून एका वेटिंग रूममध्ये संसार मांडलाय असं वाटायचं.

हे माणूस म्हणून वाईट नव्हते. उलट इतके चांगले की भांडायला टोक सापडायचं नाही. लाइनवरून आले की माझ्या हातचा चहा घेत, डबा स्वतः धुऊन ठेवत, मुलांना जवळ घेत. आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं. घराचा विषय काढला की हे नाही म्हणत नसत. म्हणत, "बघू, बदलीचं काय होतं ते." नाही म्हणणाऱ्या माणसाशी बाई चार हात करू शकते. बघू म्हणणाऱ्याशी काय करणार?

तोवर मीही जोर धरलेला नव्हता. जोर धरला तो शेजारच्या वहिनींचं झालं त्यानंतर. आमच्या भिंतीला भिंत लागून एक नागपूरकडचं कुटुंब होतं. नवरा गार्डच. एका पावसाळ्यात तो बीना जंक्शनकडे गाडी घेऊन गेला आणि परत आला तो मेलेला. मोठा अपघात वगैरे नाही. रुळांवर उतरला होता, छातीत कळ आली आणि तिथेच बसला. मुलं लहान, नोकरीला लागण्याजोगं कुणी नाही. क्वार्टर सोडायला रेल्वेने मुदत दिली, ती वाढवूनही दिली, नियमाप्रमाणे जे करता येतं ते सगळं केलं. मग एक दिवस मुदत संपली. वहिनींचं सामान व्हरांड्यात निघालं. मिक्सर, शिवणयंत्र, गाद्या, देव एका डब्यात, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध त्या स्टुलावर बसलेल्या. मी त्यांना जेवायला या म्हणाले. त्या म्हणाल्या, कुलपाची किल्ली घ्यायला माणूस येईल, मला उठता येत नाही. भावाकडे जायच्या होत्या, आणि भावजय कशी आहे ते कॉलनीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

त्या रात्री हे लाइनवर होते. मला झोप येईना. कुणी उठ म्हणणार नाही असं एक छप्पर, दोन खोल्यांचं का असेना, मुलं लहान आहेत तोवरच हवं, एवढं एकच माझ्या डोक्यात राहिलं. ते झाशीत असो की भुसावळला, मला फरक पडत नव्हता. पण भुसावळ पुढे होतं आणि झाशी पायाखाली होती.

जागा मिळाली ती बहनजींमुळे. गणपतीच्या देवळात ओळख झाली. मुलींच्या शाळेत शिकवायच्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, लग्न केलेलं नव्हतं. मराठीच, पण अख्खं गाव बहनजी म्हणायचं म्हणून मीही बहनजीच म्हणायची. त्यांचं घराणं इथलं जुनं. पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर वर आले आणि राहिले. अशा घरांना इथे दक्षिणी म्हणतात. त्यांची मराठी ऐकून आधी मला हसू यायचं. शेगडीला त्या आगटी म्हणायच्या आणि मध्येच "अरे सुनो तो" म्हणून पुढचं वाक्य हिंदीत न्यायच्या. आम्हा रेल्वेच्या मराठी लोकांना त्यांच्या घरात रेलवाले असं नाव होतं. त्यात थोडा हेवा होता आणि थोडी कीवही. कीव का, ते मला फार उशिरा कळलं.

ओरछा गेटच्या आत एका गल्लीत त्यांचं घर. दोन भाऊ आणि त्या. लक्ष्मी तालच्या, म्हणजे तिथल्या तळ्याच्या, पलीकडे त्यांची पूर्वीची एक बगीची होती, आता नुसती झाडोऱ्याची पडीक जमीन. भावांनी तिचे प्लॉट पाडून विकायचं ठरवलं तेव्हा बहनजींनी एक तुकडा माझ्यासाठी अडवला. मला म्हणाल्या, आमच्याकडे हळदीकुंकवाला मराठी बाई म्हणून बोलवायला आता दोन घरंही उरलेली नाहीत, एक तरी घर माझ्या डोळ्यांसमोर वसू दे. भाव त्यांनी आमच्या आवाक्यातला लावून घेतला होता. ह्यांच्या फंडातून कर्ज काढलं तर निभलं असतं. तेव्हा ते अवघड नव्हतं, एवढंच सांगते.

मी ती जागा थंडीत पाहिली. बहनजी शाळा सुटल्यावर मला रिक्षातून घेऊन गेल्या. बोरीची झुडपं होती, एक पडकी विहीर होती आणि समोर तालाचं पाणी, त्यापलीकडे महालक्ष्मीच्या देवळाचा कळस. बहनजी हद्दीचे दगड दाखवत होत्या आणि मी मनातल्या मनात भिंती चढवत होते. दार कुठे, न्हाणी कुठे, मुलांनी अभ्यासाला कुठे बसायचं. स्वयंपाकघर पूर्वेला, पाण्याच्या बाजूने खिडकी. लिंबाला विहिरीजवळची जागा. परत येताना बडा बाजारात मी बांगड्या भरल्या. काही कारण नव्हतं. बांगडीवाल्याने कुठलं लग्न आहे विचारलं तेव्हा मला लाज वाटली.

हे तीन दिवसांनी घरी होते. मी जेवण वाढून सगळं सांगितलं. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग खिशातून एक बातमी काढली. भुसावळचा एक गार्ड सापडला होता.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायला हवं. रेल्वेत आपल्या मर्जीने बदली मागितली तर वर्षानुवर्षं नंबर लागत नाही. पण तिकडचा आपल्याच पदाचा माणूस इकडे यायला तयार असेल तर दोघांनी मिळून अर्ज करायचा, तो तुमच्या जागी आणि तुम्ही त्याच्या. ह्याला म्युच्युअल म्हणतात. गार्ड-ड्रायव्हर विश्रांती घेतात त्या रनिंग रूममध्ये, डब्याच्या रांगेत, जिथे चार गार्ड जमतील तिथे हे चौकशी करत असायचे, झाशीला यायला कुणी तयार आहे का? पण झाशीच्या उन्हात आपण होऊन कोण येतो? आणि आता एकजण निघाला होता. झाशीजवळच्या मऊरानीपूरकडचा होता, भुसावळला नोकरी, इकडे गावी म्हातारी आई एकटी. त्याला झाशीच हवी होती.

मी म्हटलं, चांगलंच आहे, पण जागा घेऊन ठेवू. बदली झाली तर विकून टाकू, किंमत काही कमी होत नाही. ह्यात चुकीचं काय होतं ते मला आजही कोणी सांगावं. ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि एरवी कधी बोलत नाहीत असं बोलले.

"जागा घेतली की माझं मन इथे बसेल. मग मी तिकडे जायची धडपड सोडून देईन. मला माझी खात्री नाही."

माणूस पैशाचं बोलला असता तर मी दागिने काढून दिले असते. तो स्वतःच्या मनाला घाबरत होता. मी ताटं उचलली आणि मोरीशी जाऊन रडले. आपलं म्हणणं सोळा आणे बरोबर आहे आणि त्याचा काडीचा उपयोग नाही, हे जेव्हा समजतं तेव्हा रडूही धड येत नाही.

म्युच्युअलचा माणूस पुढच्या आठवड्यात घरी जेवायला आला. मी पुरणपोळी केली. त्याची मर्जी आता माझ्या घराइतकीच मोलाची झाली होती. सावळा, लाजरा, जेवताना मान वर न करणारा. भुसावळात इतकी वर्षं काढून त्याला मराठी बरी येत होती, पण बोलायला संकोच वाटे. आईबद्दल सांगताना त्याचे डोळे भरले. तिला आता विहिरीवरून पाणी आणवत नाही, शेजारचे आणून देतात म्हणे. हे त्याला भुसावळची क्वार्टरं, तिथला बाजार, कुठल्या गल्लीत पाणी भरपूर येतं हे विचारत होते, आणि तो ह्यांना झाशीचं विचारत होता. दोन माणसं एकमेकांच्या जागी बसायला इतकी आतुर मी कधी पाहिली नाहीत. मला तो आवडला. तोच माझी जागा घालवणार हे मला दिसत होतं, तरी आवडला. अर्जावर दोघांच्या सह्या झाल्या.

बहनजींना मी खरं ते सांगितलं. त्यांनी भावांना होळीपर्यंत थांबवायचं कबूल केलं. पण मला सांगून त्यांचं समाधान झालं नाही. एका रविवारी त्या स्वतः क्वार्टरवर आल्या, ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि शाळेतल्या मुलीला समजावतात तशा आवाजात बोलल्या.

"भैया, आमचे लोक पण मुहिमेवरच आले होते. परत जायचं म्हणूनच आले होते. किती पिढ्या झाल्या, अजून जाऊनच राहिलेत. तुम्हांला जायचं तर जरूर जा. पण तोवर बायकोमुलांना कुठे तरी बसवा."

हे ऐकून घेत होते. म्हणाले, बहनजी, बस होळीपर्यंत. अर्ज वरच्या ऑफिसात गेलेला आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराची गाठ घालत आणि सोडत बसले होते. आता मागे वळून बघते तर तिथे मी काहीतरी बोलायला हवं होतं असं लोक म्हणतील. बोलून झालेलं होतं सगळं. रोज बोलत होते. त्या काळात जागेच्या कागदावर ज्याचं नाव लागायचं, कर्ज ज्याच्या पगारातून कापायचं, तो हो म्हणाल्याशिवाय बाईच्या बोलण्याची वीटसुद्धा होत नसे.

होळी झाली. बहनजींनी आणखी एक महिना भावांशी भांडून काढला. तालाचं पाणी आटायला लागलं. आणि एक दिवस भुसावळचा तो गार्ड पुन्हा दारात उभा राहिला. हे घरी होते. त्याला आत बोलावलं तरी तो उंबऱ्याशीच घुटमळला, मग बाजेच्या कडेला बसला. चहा नको म्हणाला. मला वाटलं, आई गेली. तसं नव्हतं. बोलला तो ह्यांच्याशी नाही, माझ्याशी.

"भाभीजी, मैं तो आज चल दूँ. पर घरवाली ने वहाँ ज़मीन ले ली है. नींव भी डलवा दी. कहती है, तुम्हें जाना हो तो जाओ, मैं बच्चों को ले के यहीं रहूँगी."

त्याची बायकोही इकडचीच, ह्याच बुंदेलखंडातल्या कुठल्याशा गावची. तिने माझ्या माहेरच्या मुलखात, परक्या भाषेत, नवऱ्याला न जुमानता पाया घातला होता. ह्यांनी विचारलं, मग तुझी आई? तो म्हणाला, आईला तिकडे नेतो, ती येते म्हणाली तर. तो रडत होता आणि हे त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी आत गेले. राग यायला हवा होता, पण आला नाही. आला तो मत्सर. ती तिकडे माझ्या देशात स्वतःच्या भिंती बांधून घेत होती आणि मी इथे तिच्या देशात मेथी पेरत बसले होते. ती मला दिसली असती तर मी तिला विचारलं असतं, बाई, तू नवऱ्याला काय म्हणालीस ते शब्द मला सांग.

त्याच संध्याकाळी मी ओरछा गेटला गेले. हे स्वतःच म्हणाले, जाऊन ये, बहनजींना सांग आपण घेतो. मी जवळजवळ पळतच गेले. बहनजी दारात उभ्या होत्या, मला पाहून त्यांनी डोळ्याला पदर लावला. मला काही विचारावं लागलं नाही. आदल्या आठवड्यात भावांनी सगळा पट्टाच बडा बाजारातल्या एका व्यापाऱ्याला एकगठ्ठा दिला होता. आमचा तुकडा मध्येच येत होता, त्याला तो सोडून चालत नव्हतं. त्यांनी मला निरोप पाठवला होता, तो कॉलनीत दुसऱ्याच घरी पोचला होता. पोचला असता तरी काय झालं असतं, सांगता येत नाही. तेव्हा अजून भुसावळ होणारच होतं.

त्या व्यापाऱ्याने तिथे मॅरेज गार्डन काढलं. विहीर बुजवली, हिरवळ लावली. मी तिथे तीन-चार लग्नांना गेले आहे. आमच्या मुलीचंही रिसेप्शन तिथेच झालं, कारण व्याह्यांना ते सोयीचं होतं. जिथे माझं स्वयंपाकघर येणार होतं तिथे पनीरचा काउंटर होता. मी प्लेट घेऊन रांगेत उभी राहिले. मागची बाई म्हणाली, बहनजी, आगे बढ़िए.

पण ते नंतरचं. त्या वर्षी मी ह्यांच्याशी महिनाभर कामापुरतंच बोलले. हे काही रागावले नाहीत. पावसाळा सरता सरता हे दुसरा म्युच्युअल शोधायला लागले. दुसरा सापडला, त्याचं प्रमोशन झालं, मग पद जुळेना. तिसऱ्याने वर्षभर हो-नाही केलं. दरम्यान मी दोनदा जागा पाहिल्या, एक सीपरी बाजारच्या मागे, एक त्याहून लांब. दोन्ही वेळा भुसावळ अगदी समोर आलेलं होतं. आता मीही तितक्या जोराने मागत नव्हते. एकच गोष्ट माणूस किती वर्षं मागेल? मागणं सवयीचं झालं की ऐकणाऱ्यालाही ते देवळातल्या घंटेसारखं वाटायला लागतं.

मग रेल्वेने आपले झोन नव्याने आखले. झाशी नव्या झोनमध्ये गेली, भुसावळ जुन्यातच राहिलं. आजवर दोन्ही एका घरातली होती, आता भाऊ वेगळे झाले. कॉलनीतले लोक नव्या पाट्यांची थट्टा करत होते. हे घरी येऊन खिडकीपाशी बसले आणि म्हणाले, आता दुसऱ्या झोनमध्ये जायचं म्हणजे सगळ्यांत शेवटी उभं राहायचं, नवीन पोरासारखं. नोकरीची उरली होतीच किती वर्षं? मी चहा दिला. त्या दिवशी मला ह्यांची फार दया आली. इतकी वर्षं ज्या माणसावर मी मनातून चिडले होते त्यालाही कुणी काही विचारलेलं नव्हतं, हे मला दिसलं. आम्ही दोघं एकाच बाकावर बसलो होतो.

निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा हे एकटेच गावी जाऊन आले. भावांनी घर वाढवलं होतं, छान आहे म्हणाले. ह्यांची म्हणून एक खोली होती, तिच्यात खतांच्या गोण्या होत्या. भावांनी काही वाईट वागवलं नाही, उलट पाहुणा म्हणून दोन दिवस गोडाधोडाचं केलं. स्टँडवर पुतण्याचा मित्र भेटला, पुतण्याने ओळख करून दिली, हे झाशीवाले काका. हे सगळं मला तुकड्यातुकड्याने कळलं. आल्या दिवशी हे एवढंच बोलले की तिकडची मिरची आता सोसत नाही. मग रात्रीच्या जेवणानंतर म्हणाले, इथेच बघू जागा.

मला वाटलं होतं, हे वाक्य कानावर पडेल त्या दिवशी मी गावभर साखर वाटीन. मी फक्त भांडी विसळून पालथी घातली. मुलगा पुण्यात होता, त्याला झाशीत परत यायचं नव्हतं. मुलगी ग्वाल्हेरला आपल्या घरी. हे आता लाइनवर जाणार नव्हते, रात्री दारावरची थाप ऐकून माझ्या काळजात धस्स होणार नव्हतं. ज्या भीतीपोटी मला घर हवं होतं ती भीती आपली आपण संपली होती.

गावातल्या जागा आता हात लावायच्या राहिल्या नव्हत्या. दलालाने बायपासच्या पलीकडचा एक प्लॉट काढला. आम्ही रिक्षाने गेलो. सगळा खडक, वर दोन बोटं माती. झाड म्हणावं असं दूरवर एक पळस. हे रिक्षातून उतरले आणि एकदम तरुण झाल्यासारखे भराभरा चालायला लागले. पावलांनी माप घेत होते, चुन्याच्या खड्याने दगडावर रेघा ओढत होते. इथे बैठक, इथे देवघर, वर पुढेमागे एक मजला, मुलं आली तर. दलाल हो साहेब, हो साहेब म्हणत मागे मागे. निवृत्तीला आलेला हा माणूस उन्हात उभा राहून हसत होता. मी ह्यांना असं हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हटलं, आता हे सगळं कुणासाठी? तर हे म्हणाले, "तुझ्यासाठी. तू म्हणत होतीस ना." त्यात टोमणा नव्हता. अगदी मनापासून म्हणाले.

मग खडा माझ्यापुढे धरून ह्यांनी विचारलं, स्वयंपाकघर कुठल्या बाजूला हवं. उभ्या जन्मात पहिल्यांदा मला कुणी हे विचारत होतं. मी त्या खडकाकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. रात्र रात्र जागून मी जे घर बांधलं होतं, ज्याची एकेक खुंटी मला ठाऊक होती, त्यातलं काही म्हणजे काही मला तिथे दिसेना. ऊन डोळ्यांवर येत होतं. ह्यांचा हात तसाच पुढे होता.

"तुम्ही म्हणाल तिथे करा," मी म्हणाले.

हे खूश झाले. दलालाकडे वळून कौतुकाने म्हणाले, "आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे, ही सगळं माझ्यावरच सोडते." आणि खाली वाकून रेघ ओढली.

त्या घरात आम्ही आता राहतो. स्वयंपाकघर पश्चिमेला आलंय. झाशीचं ऊन, दुपारी बारानंतर ओट्याला हात लावता येत नाही.